मुठीच्या आतले नाव

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. मराठ्यांची नव्हे, जपानी. लढाईच्या गोष्टी ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, तुमची निराशा होईल. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जखम मला नाशिकजवळच्या सातपूरला झाली, आणि तीही मायेपोटी.

माझा जन्म साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. लोहाराने पोलाद तापवून, दुमडून, पुन्हा पुन्हा ठोकून मला घडवले. मुठीच्या आत जो भाग जातो, त्यावर त्याने छिन्नीने आपले नाव कोरले, आणि ज्या सामुराई घराण्यासाठी मला घडवले त्याचेही. आमच्याकडे तो भाग कधीच घासत नाहीत. त्यावर गंज चढू देतात. तो काळा गंज म्हणजे आमचे वय आणि ती अक्षरे म्हणजे आमचा पत्ता. सामुराई कमरेला दोन तलवारी लावत, एक लांब, एक आखूड. पुढे सरकारने तलवार लावून फिरायला बंदी केली, तेव्हा आम्ही दोघी घरातच बसून राहिलो. महायुद्धात त्या घरातल्या तरुणाने मला ब्रह्मदेशात नेले. धाकटी मागे राहिली. तिची आठवण आली की मला अजूनही करमत नाही.

जपानच्या शरणागतीच्या दिवशी त्या तरुणाने मला जमा केलेल्या हत्यारांच्या ढिगावर ठेवले. पहाऱ्यावर हिंदी फौजेच्या तोफखान्यातला सहादू होता. तरुणाने त्याला खुणेने सांगितले, पात्याला बोट लावू नका, तेल लावत जा. पुढे त्याच्या गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना मला सहादूलाच देऊन टाकले. त्याच्याबरोबर मी देवळाली कॅम्पात आले, आणि तो निवृत्त झाल्यावर नाशिकच्या बौद्ध वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांत. दर पौर्णिमेला विहारातून आला की तो शिलाई मशीनच्या तेलात लवंगेचे तेल मिसळून मला पुसायचा. शेजारपाजारचे कौतुकाने बघायला यायचे. मूठ मात्र त्याने कधी उघडली नाही, त्यामुळे आत काय आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

१९७८ साली सहादू गेला. जाताना बायकोला, धोंडाबाईला म्हणाला, "ती परक्याची ठेव हाय. तिला तिच्या घरी पोचव."

मग पाच वर्षे मी ट्रंकेत गोधड्यांखाली होते. मला पाहिले की धोंडाबाईला रडू यायचे, म्हणून ती ट्रंक उघडायचीच नाही. एकटेपण काय असते ते मला तिथे कळले.

१९८३ साली पांडवलेणी पाहायला एक वृद्ध जपानी गृहस्थ आले. वस्तीतल्या सावळीराम मास्तरांनी त्यांना माझ्याविषयी सांगितले. पाहुणे म्हणाले, मुठीच्या आत नाव असेल तर मी तिचे घर शोधून काढीन. पण मास्तर पडले घाईचे. त्यांनी घरी निरोप दिला तो एवढाच, की रविवारी पाहुणे येतील आणि तलवार मुठीच्या आतूनही बघतील.

सहादूचा मुलगा गोटीराम सातपूरच्या एका कारखान्यात लोखंडाला झिलई देण्याच्या मशीनवर होता. हातात कसब असलेला माणूस. शनिवारी त्याने मुठीतली बांबूची मेख काढली, आतला काळा गंज पाहिला, त्यातली अक्षरे त्याला ओरखडेच वाटली, आणि तो शरमला. बापाने एवढी जपलेली वस्तू, आणि आतून ही दशा! पाहुणा काय म्हणेल? तो मला कारखान्यात घेऊन गेला, आणि पाळी संपल्यावर फोरमनला विचारून त्याने मला चाकावर धरले. मी ओरडू शकत नव्हते. एकेक अक्षर गेले, ते मला कळत होते. तो मात्र खुशीत शीळ घालत होता.

रविवारी पाहुणे आले. गुडघे टेकून त्यांनी आधी मला नमस्कार केला, मग मेख काढली. आतला भाग आरशासारखा लख्ख होता. त्यांनी तो उलटून पाहिला. कोणी केले, असे त्यांनी हळूच विचारले.

"मीच केलं," गोटीराम म्हणाला. "चार तास लागले."

पाहुण्यांनी त्याच्या हातांकडे पाहिले आणि त्यालाही वाकून नमस्कार केला. मग ते मास्तरांशी इंग्रजीत बोलले. मास्तर खाली बघत म्हणाले, "नाव होतं तिथं, गोटीराम. आता घर सापडायचं नाही."

तेवढ्यात धोंडाबाई चहा घेऊन आली. घर सापडेल ना, असे तिने विचारले. गोटीराम गुळगुळीत लोखंडावरून बोट फिरवत होता.

"पत्र येईल म्हनले, आई," तो म्हणाला.

त्यानंतर तीन वर्षे धोंडाबाई रोज दुपारी दारात बसायची आणि पोस्टमनला जपानचे पत्र आले का विचारायची. गोटीराम दर पौर्णिमेला मला तेल लावायचा, पण मुठीकडे बघायचा नाही. १९८६ साली ती गेली, पत्राची वाट बघतच.

मित्रांनो, गोटीरामवर माझा राग नाही. पण जुनी वस्तू उजळायच्या आधी, तिला ओळखणाऱ्याला एकदा विचारत जा. सगळाच गंज म्हणजे घाण नसते. मी आता कोणाची, हे कोणालाच सांगता यायचे नाही.

आई गेल्यापासून, रजेच्या दिवशी पोस्टमन दिसला की गोटीराम दारात जातो आणि जपानचे पत्र आले का, असे विचारतो.