गोळी आणि पापुद्रा

मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या नव्या डबीत चुंबकीय स्फटिकाची गोळी बसवायची की त्याच स्फटिकाचा पातळ पापुद्रा, हे तिच्या चाचणीवर ठरणार होतं. गोळ्या कारखान्यातले जुने कारागीर काका घासायचे. मोहरीहून लहान गोळी, एकतीस वर्षं, एकच टेबल. पापुद्रा जिंकला तर ते टेबल याच वर्षी उठणार होतं. आणि इंजिनियर झालेल्या या बाईला साधा चिमटा कसा धरायचा, तेही काकांनीच शिकवलेलं.

म्हणून आकडे आले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. डबी तापली की पापुद्र्याची वारंवारता भरकटत होती, गोळीची मात्र जागची हलत नव्हती. अहवाल छापून तिने आधी काकांनाच नेऊन दाखवला.

काकांनी आकडे वाचले आणि डबी मागितली. कागदावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. खिशातला इवलासा चुंबक त्यांनी पापुद्रा धरणाऱ्या स्क्रूजवळ नेला. तो चटकन चिकटला.

"पोलादी आहे," काका म्हणाले. "गोळीला पितळी लावलास आणि याला हा. पोलाद डबीतल्या चुंबकाचा जोर आपल्याकडे ओढतं. तापलं की गडबड होणारच. पापुद्र्याचा काय दोष?"

"पितळी संपले होते. माझ्या लक्षातच आलं नाही." ती म्हणाली. "काका, तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना. जा, पुन्हा मोज."

पितळी स्क्रू लावल्यावर पापुद्राही तितकाच स्थिर निघाला. गोळीचा सूर अजूनही जास्त स्वच्छ होता, पण या डबीला तेवढ्या स्वच्छतेची गरज नव्हती. शिवाय पापुद्रा तासन् तास घासावा लागत नाही. तिने खरं ते लिहिलं: पापुद्राच बसवावा. लिहिताना डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत.

अहवालाच्या शेवटी तिने एक ओळ घातली: 'ही तुलना बरोबर आहे, याचं श्रेय गोळ्या घासणाऱ्या काकांचं. त्यांची मी आभारी आहे.'

साहेबांनी ती ओळ खोडून अहवाल परत पाठवला. तांत्रिक अहवालात आभार बसत नाहीत, असा शेराही मारला.

तिने ओळ पुन्हा लिहिली आणि खालची स्वतःची सही खोडली. "दोन्ही राहतील, नाहीतर एकही नाही," अहवाल साहेबांपुढे ठेवत ती म्हणाली.

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी पेन तिच्यापुढे केलं. "सही करा," ते म्हणाले.