हाक माझी, उत्तर शेजाऱ्याचे

मित्रांनो, एका छापखान्यात मोठ्या छपाईयंत्राशेजारी एक संगणक आहे. त्याच्या पोटात, पंख्याच्या वाऱ्याला, तळहाताएवढा हिरवा सर्किट बोर्ड बसला आहे. तोच मी. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, कोपऱ्यावर शाईचा डाग आहे, पण मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मध्यंतरी तसा बोभाटा झाला होता.

माझा जन्म एका स्वच्छ, थंडगार कारखान्यात झाला. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी माझा एकेक जोड भिंगातून तपासला आणि मला इकडे पाठवले. काम जोखमीचे होते. छपाईयंत्रात कागदाचे भलेमोठे रीळ फिरते. धावता धावता कागद फाटला, तर तो यंत्राच्या फिरत्या रुळांवर गुंडाळला जातो आणि सगळा विचका होतो. कागदावर नजर ठेवायची आणि तो फाटताच प्रोसेसरला हाक मारायची, हे माझे काम.

प्रोसेसर म्हणजे आमच्या डब्यातले साहेब. त्यांना क्षणाची उसंत नसते. ते काही घडोघडी येऊन ‘काय रे, फाटला का कागद?’ असे विचारत बसत नाहीत. मीच तारेवर वीज सोडतो. ती हाक ऐकली की साहेब हातातले काम तिथेच ठेवून धावतात. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. पण साहेबांना माझी भाषा येत नाही. त्यासाठी एक दुभाष्या असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो गाडी मात्र चालवत नाही. तो एक छोटासा प्रोग्राम आहे. तो माझ्याकडे पाहतो, यंत्र थांबवायला लावतो आणि मला म्हणतो, ‘समजलं, आता गप्प बस.’ हे शब्द कानावर पडेपर्यंत मी हाक थांबवत नाही. हा हट्ट नव्हे, आमची रीतच तशी आहे.

कितीतरी वर्षे मी ही चाकरी चोख केली. यंत्र चालवणारे मामा माझ्यावर फार खूश असत. छापखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणत. खरी भाची मात्र एकच, तिथले संगणक सांभाळणारी. माझ्या हाकेने यंत्र थांबले की मामा डब्यावर थाप मारून म्हणत, “शाब्बास रे पठ्ठ्या!” तेव्हा माझी छाती अशी फुगे, की काही विचारू नका.

मग माझ्या शेजारी शाईचा बोर्ड आला. नवा कोरा, चकचकीत! शाई संपत आली की त्याने हाक मारायची. त्याचा ड्रायव्हर भाचीने लिहिला होता. आम्हा दोघांना तार मात्र एकच होती. त्यात वावगे काही नाही. एका तारेवर बरेच जण सुखाने नांदतात. हाक आली की साहेब एकेका ड्रायव्हरला विचारतात, ‘ही तुमची का?’ ड्रायव्हरने आपल्या बोर्डाकडे पाहायचे आणि खरे ते सांगायचे. तो ‘माझी नाही’ म्हणाला, की साहेब पुढच्याला विचारतात.

शेजाऱ्याचा ड्रायव्हर रांगेत पहिला होता, आणि हा पठ्ठ्या आपल्या बोर्डाकडे पाहायचाच नाही!

एके दिवशी कागद फाटला. मी हाक मारली. साहेबांनी विचारताच तो ठणकावून म्हणाला, ‘माझीच!’ साहेब समाधानाने परतले. मला कोणी गप्प बस म्हटलेच नव्हते, म्हणून मी ओरडतच राहिलो. साहेब पुन्हा धावले. पुन्हा तेच उत्तर. धावून धावून साहेब बेजार झाले, त्यांना दुसरे काही सुचेना. संगणक गोठला आणि यंत्र धडधडतच राहिले. मामांनी पळत येऊन तांबडे बटण दाबले, तेव्हा कुठे ते थांबले.

तपासणी झाली. तारेवर ओरडत कोण होते? मी! झाले, सगळे खापर माझ्या डोक्यावर फुटले.

“जुना झालाय, उगाच बोंबलतो,” मालक म्हणाले. “काढून टाका.”

माझी उचलबांगडी झाली. मी टेबलावर स्क्रूच्या वाटीशेजारी येऊन पडलो. आणि गंमत पाहा, संगणक पुन्हा गोठला नाही! हाक मारणाराच गेल्यावर तो गोठेल कशाला? पण त्यामुळे माझा दोष सगळ्यांना पटला. मी रागाने नुसता धुमसत होतो.

आता कागदावर नजर ठेवायला फक्त मामांचे डोळे उरले. ते दिवसभर बटणापाशी उभे राहत. एका दुपारी कागद फाटून रुळावर चढू लागला. मामांनी एका हाताने बटण दाबले, पण दुसरा हात नकळत कागद ओढायला गेला. रुळाने बाही पकडली. यंत्र थांबले, तेव्हा ती खांद्यापासून उसवून आत गेली होती. हात थोडक्यात वाचला.

भाची धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मामा, हात दाखव. बोटं हलव बघू.”

“हलतायत गं. सदरा गेला, एवढंच. आता तुझ्या मामीची बोलणी खायची.”

“उद्यापासून तू इथे उभं राहायचं नाहीस.”

“मग कोण राहणार? आमचा जुना गडी तर टेबलावर पडलाय.”

तिने माझ्याकडे पाहिले आणि मला उचलले. शाईचा बोर्ड काढून तिने मला एकट्याला बसवले आणि यंत्र अगदी संथ चालवून कागद फाडला. यंत्र लगेच थांबले. मग मला काढून तिने शाईचा बोर्ड एकटा लावला. त्याचेही काम बिनबोभाट झाले. दोघांना मिळून बसवले आणि कागद फाडला मात्र, संगणक गोठला.

“एकेकटे दोघंही शहाणे,” ती पुटपुटली. “मग भांडण तारेवर आहे.”

तिने आपला प्रोग्राम उघडला आणि कपाळावर हात मारला.

“मामा, चूक माझी आहे. घरी मी शाईचा बोर्ड एकटाच लावून बघितला होता. तारेवर दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे प्रत्येक हाक त्याचीच असायची. हाक कोणाची ते तपासायला मी ड्रायव्हरला सांगितलंच नाही.”

“मग आता?”

“आता शिकवते त्याला.”

दुसऱ्या दिवशी सारा छापखाना गोळा झाला. कागदाला आधीच एक चीर देऊन ठेवली होती. मामांना भाचीने हाताला धरून लांब उभे केले. यंत्राने पुरता वेग घेतला आणि टर्रकन कागद फाटला. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. साहेबांनी शेजाऱ्याच्या ड्रायव्हरला विचारले. त्याने आपल्या बोर्डाकडे पाहिले आणि म्हणाला, ‘माझी नाही.’

अहाहा! एवढे गोड शब्द मी आजवर ऐकले नव्हते. साहेब पुढे सरकले, माझा ड्रायव्हर आला, ‘समजलं, आता गप्प बस’ म्हणाला, आणि मी आनंदाने गप्प बसलो. रुळावर कागदाचा एक वेढाही पडला नाही. यंत्र थांबताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की खिडकीच्या काचा थरथरल्या.

“चालतंय खरं,” मालक म्हणाले, “पण हे जुनं किती दिवस ठेवायचं?”

मामांनी दोन्ही पंजे त्यांच्यासमोर धरले. “मालक, हे दोन्ही शाबूत हवेत ना? मग याला हात लावू नका.”

मालक हसले. “बरं बाबा, नाही लावत.”

मित्रांनो, एखादे यंत्र सारखे ओरडू लागले, तर त्याला काढून फेकण्याआधी त्याचे म्हणणे काय आहे ते पाहा. ओरडणाऱ्याला बाहेर काढले की लगेच शांत वाटते, पण ती शांतता कोणाच्या तरी हातावर बेतते. मी आजही कामावर आहे, शेजाऱ्याशी माझे उत्तम जमते. आणि मामा रुळांपासून लांब, खुर्चीवर बसून, चहाचा गरम पेला दोन्ही हातांत धरून सावकाश पितात.