एक नात आणि सहा स्वप्नं

माझ्या आईला नऊ मुलं झाली, त्यामुळे ज्याचं नाव पुढे चाललं नाही असं आमच्या घरात कुणी राहिलं नाही. आईची आई, वडिलांचे वडील, बुडालेले दोन मामा, अडीअडचणीला गाय देणारा शेजारचा म्हातारा, सगळ्यांची सोय झाली. शेवटच्या भावाच्या वेळी तर घरची-शेजारची माणसंच संपली आणि त्याला पाद्रीबुवांचं नाव द्यावं लागलं. मी चौथी. मला आजीचं नाव मिळालं, थुरीदुर. आमच्याकडे एकाच नावाच्या दोघी एकमेकींना 'नाफ्ना' म्हणतात. आजीने मला नावाने कधी हाक मारलीच नाही. अंगणातून ओरडायची, "नाफ्ना, कोंबड्या कोंडल्यास का?" आणि मला वाटायचं, या जगात महत्त्वाची माणसं दोनच, एक ती आणि एक मी.

मला मात्र एकच मुलगी झाली, स्वाला. तिच्याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पदरात काही पडलं नाही. स्वालाने तर चाळिशीपर्यंत विषयच काढू दिला नाही. आधी शिक्षण, मग नोकरी, मग ऑरी, मग ऑरीचा कुत्रा. ऑरी भला माणूस आहे. बारा वर्षं दोघं एकत्र राहतायत. लग्नसुद्धा करायचंय त्यांना, पण ते कामांच्या यादीत छत रंगवण्याच्या खाली आहे. यात कुणाला नवल वाटत नाही. आमच्या काल्दाविक गावात आधी लग्न आणि मग मूल, अशी जोडपी शोधायची तर कबरस्तानातच जावं लागेल.

बाईमागे मुलं किती, हा आकडा दरवर्षी पेपरात येतो. यंदा तो दीडच्या आसपास होता. माझा नवरा स्टेइन्ग्रीमुर, बोटीवरचा निवृत्त इंजिनमास्तर, चष्मा वर करून म्हणाला, "म्हणजे आपण देशाला अर्ध्याने कमी पडलो." आणि पुन्हा हवामानाचं पान वाचायला लागला. गावातलं बाळंतपणाचं खातं केव्हाच बंद झालंय. आता कळा सुरू झाल्या की घाट ओलांडून शहरात जायचं, आणि वर बर्फ पडला असेल तर देवाचं नाव घ्यायचं.

अशात एका रविवारी, एक्केचाळिसाव्या वर्षी, स्वालाने कॉफी पिता पिता सांगितलं की तिला पाचवा महिना लागलाय. तीन वर्षं ती राजधानीच्या दवाखान्यात खेटे घालत होती, इंजेक्शनं टोचून घेत होती, आणि मला सांगायची की ऑफिसची मीटिंग आहे. मला आधी राग आला, मग रडू आलं, आणि मग, खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो नावाचा. मी एकाहत्तर वर्षांची. हे पहिलं मूल आणि हेच शेवटचं, हे न सांगता कळत होतं. आता थुरीदुर झाली तर झाली.

पण मागायचं कसं? आमच्याकडे बारशापर्यंत आईबाप नाव कुणाला कळू देत नाहीत आणि विचारणं म्हणजे शुद्ध असभ्यपणा. तोवर बाळाला नुसतं 'बाळ' म्हणायचं. जिवंत माणसाला नाव मागायची सोयच नाही. मेलेल्यांना मात्र आहे. पोर पोटात असताना मेलेलं माणूस कुणाच्या तरी स्वप्नात येतं आणि नाव मागून जातं, आणि अशा मागणीला नाही म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. नाही म्हटलं तर बाळाला लाभत नाही म्हणतात.

तेव्हा मी आजीला बोलावून घेतलं.

पुढच्याच रविवारी मी स्वालाला सांगितलं की आजी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, डोक्यावर गोंड्याची काळी टोपी, हातात दुधाची बादली, आणि म्हणत होती, "मला जरा घरात घ्या." बादली मी ऐनवेळी घातली. स्वालाचा चेहरा गंभीर झाला. तिने फोन काढला आणि तारीख, टोपी, बादली, सगळं लिहून घेतलं. ती नगरपालिकेत पाण्याच्या पाइपांचे आराखडे बघते, त्यामुळे नोंद केल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

माझ्या डोक्यात एवढंच आलं नव्हतं की ऑरीलाही आई आहे. योरुन तिचं नाव, गावच्या पोस्टातून निवृत्त झालेली. पोरांचं लग्नच नाही, तेव्हा ती माझी रीतसर विहीण होत नाही, पण मनातल्या मनात मी तिला विहीणबाईच म्हणते, कारण तेवढं वाकडं बोलणं दुसऱ्या कुठल्या नात्यात चालत नाही. तिचा थोरला नॉर्वेत, त्याला दोन मोटारसायकली आणि मूल नाही. म्हणजे तिचीही मदार याच पोटावर. माझ्या स्वप्नाची बातमी तिला मंगळवारी कळली आणि गुरुवारी तिची आई स्वप्नात आली. नुसती आली नाही, घोड्यावर बसून आली.

मग मी गप्प बसते होय? मी माझी मावशी काढली. तिने आत्या काढली. मी दुसरी मावशी काढली, तर तिने एक चुलतआजी काढली, जी माझ्या माहितीप्रमाणे अजून शहरातल्या वृद्धाश्रमात पत्ते खेळत होती. चौकशी केली तर खरंच आदल्या महिन्यात वारली होती. पोस्टातली बाई, पत्ता चुकायची नाही.

आमची गाठ पडायची ती पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात. गावाचं सगळं राजकारण तिथेच होतं, गळ्यापर्यंत पाण्यात बसून. एका सकाळी योरुन सगळ्यांदेखत म्हणाली, "काल आई परत आली होती. मी म्हटलं, तिकडे थुरीदुरची आजी भेटते का? तर म्हणाली, रोज भेटते. ती बिचारी म्हणते, मला नावबीव काही नको, माझ्या नातीलाच हौस आहे."

कुंडातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "तुझ्या आईला ऐकायला कमी यायचं, योरुन. मेल्यावर सुधारलं वाटतं." सगळे हसले, पण माझे कान गरम झाले ते पाण्यामुळे नव्हे.

आठव्या महिन्यात एकदा मी हॅडक माशाचा तुकडा घेऊन स्वालाकडे गेले. ती स्वयंपाकघरात बसली होती आणि फ्रिजवर एक कागद लावलेला होता. सहा नावं, प्रत्येकापुढे तारीख आणि कपडे. तिचे डोळे सुजले होते.

"आई, कायद्यात एका बाळाला तीनच नावं बसतात," ती म्हणाली. "उरलेल्या तिघींचं काय करू?"

मी म्हटलं, अगं, इतकं मनावर घेऊ नये.

"कसं नको घेऊ? दोन गेली माझी. तुला सांगितलं नाही मी. दोन गेली तेव्हा कुणी स्वप्नात आलं नव्हतं. आता सहाजणी दाराशी उभ्या आहेत, आणि यातली एक जरी रागावली तर?" तिने पोटावर हात ठेवला. "मी स्वतः स्वप्नातून आलेली आहे, आई. बाबांची बहीण स्वाला तळ्यातला बर्फ फुटून गेली आणि बाबांच्या आईच्या स्वप्नात आली, म्हणून मी स्वाला. त्या आजीने मला कधी बर्फावर पाय ठेवू दिला नाही. माझ्याकडे बघायची आणि रडायची. मला वाटायचं, मी कुणाचे तरी कपडे घालून फिरते आहे."

दोन गेली. माझी गेली तेव्हा मीही कुणाला सांगितलं नव्हतं. आणि जिने मला सांगितलं नाही, तिच्या मानेवर मी तीन म्हाताऱ्या आणून बसवल्या होत्या. मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती. पण तिथल्या तिथे कबूल करायला तोंड उघडेना. मी हॅडक टेबलावर ठेवला आणि थेट तलावावर गेले.

योरुन कुंडात एकटीच होती. मी काठावरूनच सांगितलं की माझी तिन्ही स्वप्नं खोटी आहेत.

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "बादली घेऊन कोण येतं?"

"घोड्यावर बसून कोण येतं?"

मग मी तिला स्वालाच्या फ्रिजवरच्या कागदाचं सांगितलं, आणि दोन गेली तेही सांगितलं. योरुनला तेही माहीत नव्हतं. ऑरी आईला काही सांगत नाही, जशी स्वाला मला सांगत नाही. ती पाण्यातून उठली आणि टॉवेल गुंडाळत म्हणाली, "चुलतआजीचं स्वप्न खरं असतं तर बरं झालं असतं. माझा जीव होता तिच्यावर."

आम्ही ओल्या केसांनी गेलो. केसांच्या टोकांना वाटेत बर्फ झाला होता. दारात उभं राहून मी माझ्या तिघी परत घेतल्या, योरुनने तिच्या तिघी. स्वाला ऐकत होती, तिच्यामागे ऑरी ऐकत होता, आणि कुत्रासुद्धा ऐकत असावा, कारण तो भुंकला नाही. मग स्वालाने फ्रिजवरचा कागद काढला, चार तुकडे केले आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "बाळ होईपर्यंत तुम्ही दोघी कृपा करून झोपू नका." आणि दार लावलं.

मुलगी झाली. घाट उघडा होता, देवाची कृपा. बारसं दोन महिन्यांनी, घरातच. या दोन महिन्यांत मी नावाचा न सुद्धा काढला नाही. बाळाला अंगणात बाबागाडीत झोपवायचं, थंडीत झोप छान लागते, आणि मी खिडकीतून बघत राहायची. मनात आशा होतीच. खोटं परत घेतलं म्हणून आशा परत घेता येत नाही. उलट वाटायचं, खरेपणाचं काही बक्षीस असेल.

बारशाला चौतीस माणसं आली. एका बाळासाठी दोन घराण्यांची, तीन पिढ्यांची, उपाशी असल्यासारखी माणसं. पाद्रीणबाईंनी काचेच्या वाडग्यात कोमट पाणी घेतलं आणि विचारलं, "बाळाचं नाव काय?" चौतीस माना पुढे झाल्या.

"वाका," स्वाला म्हणाली. आमच्या भाषेत वाका म्हणजे जाग, जागरण.

सगळे मनातल्या मनात आपापली मेलेली माणसं चाळत होते. स्टेइन्ग्रीमुरने मोठ्याने विचारलं, "ही कोण होती?"

"कुणी नाही," ऑरी म्हणाला. "हीच."

मी क्रीम फेटायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. क्रीम आधीच फेटलेलं होतं. मी ते परत फेटलं आणि रडले. मागोमाग योरुन बशा न्यायला आली आणि बशा तशाच ठेवून माझ्या शेजारी उभी राहिली. तिचंही नाक लाल होतं. एवढ्यात स्वाला आली, खांद्यावर वाका.

"मला ठाऊकच होतं, दोघी इथे सापडणार," ती म्हणाली.

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. जे तीन मेलेल्यांना पुढे करून मागितलं होतं ते मी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने मागितलं. म्हणाले, "मला आजीचं नाव द्यायचं नव्हतं गं. माझं द्यायचं होतं. मी गेल्यावर कुणीतरी थुरीदुर म्हटल्यावर मान वळवावी, एवढंच वाटत होतं."

स्वालाने वाकाला माझ्या हातात दिलं आणि ओढणीसारखा लोंबणारा बारशाचा लांब झगा माझ्या दंडावर नीट घातला.

"आई, तुझं नाव अजून तुझ्या वापरात आहे," ती म्हणाली. "इतक्यात कशाला देऊन टाकतेस?"

"आणि माझं?" योरुनने नाक पुसत विचारलं.

"तुझं तर अख्खा गाव वापरतोय, योरुन."

योरुन हसली, मीही हसले, आणि वाकाने माझ्या नव्या ब्लाऊजवर दूध काढलं. बाहेरून पाद्रीणबाईंनी हाक मारली, "थुरीदुर, कॉफी येते आहे का?"

चौतीस माणसांच्या त्या घरात त्या नावाची मी एकटीच होते. मी मान वळवली आणि म्हणाले, "आले."