मिस एल्वीचा नीरफणस

झाडाच्या बुंध्याभोवती सतरा खड्डे होते, उकरून पुन्हा बुजवलेले, प्रत्येकावर एक पांढरा गोटा. दोन विझलेल्या मेणबत्त्या होत्या. पाखरांनी अर्धा टोचलेला एक नीरफणस खाली पडला होता. आणि मुळांवर तीन फुटवे होते: एक वाळलेला, एक पिवळा पडलेला, एक हिरवा. हिरव्याला पाच पानं होती. पाचही पानांच्या कडा करपल्या होत्या, पण शेंडा जिवंत होता. जोडियनने नखाने किंचित साल खरवडून खात्री केली आणि हात पटकन झग्याच्या खिशात घातला.

“आहे?” आजीने ओठ न हलवता विचारलं.

“एक आहे.”

“एक पुरे. पोरही एकच आहे.”

दोघींच्या अंगावर हॉटेलचे पांढरे झगे होते, पायांत हॉटेलच्या पांढऱ्या सपाता. जोडियनला आपण इस्पितळातून पळून आल्यासारखं वाटत होतं. मिस एल्वीला मात्र झगा शोभत होता. एक्क्याऐंशी वर्षांची ती बाई हात मागे बांधून अशी फिरत होती, की दोन गोऱ्या पाहुण्यांनी तिला हॉटेलची मालकीण समजून नमस्कार केला होता. तिने तो स्वीकारलाही होता.

लॅन्सडेल इस्टेटवर दोनशे वर्षं ऊस होता. साखर बुडाल्यावर जमीन बँकेकडे गेली, बँकेकडून कंपनीकडे, आणि कंपनीने मालकाच्या बंगल्याचं हॉटेल केलं. मिस एल्वी जन्मली ती बंगल्यामागे, मजुरांच्या खोल्यांच्या ओळीत. तिच्या बापाने तिची नाळ खोलीपुढे पुरली आणि वर नीरफणस लावला. ज्याची नाळ, त्याचं झाड. जमीन कोणाच्याही बापाची असो. या डोंगरात हे कोणी कोणाला शिकवत नाही. जमिनीच्या इतक्या खरेद्या-विक्र्या झाल्या, पण एकाही कागदात झाडाचं नाव नव्हतं. म्हणून मिस एल्वीच्या मते ते विकलंच गेलेलं नव्हतं.

तिच्या लेकीच्या नाळेवर याच झाडाचा फुटवा लावला होता. तो रस्ता रुंद करताना गेला. जोडियनच्या नाळेवरचा मागच्या वादळात उन्मळून पडला. आता जोडियनचा मुलगा जेवॉन पाच महिन्यांचा झाला होता आणि त्याची नाळ कापसात गुंडाळून औषधाच्या बाटलीत, फ्रिजच्या डोक्यावर होती.

“चर्चमध्ये बायका विचारतात, पोराची नाळ कुठं पुरली,” आजी रोज ऐकवायची. “काय सांगू? फ्रिजवर? उद्या मोठा झाला, की घर म्हणून कुठं परत येईल? बर्फाच्या कप्प्यात?”

फुटवा मागायला आजी आधी सरळ फाटकावर गेली होती. पहारेकऱ्याने आत फोन लावला आणि निरोप दिला, की ही वारसा-मालमत्ता आहे, इथून काडीही बाहेर जात नाही. त्याच आठवड्यात शर्नेटने झाडाखालची चिमूटभर माती आणून दिली, हॉटेलच्याच शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीतून. शर्नेट गावातलीच. स्पामध्ये कामाला होती, आणि झाड वाळत चाललंय हे तिने आधीच पाहिलं होतं. जोडियन शेतीखात्याच्या माती-प्रयोगशाळेत होती. तिने तपासणी केली. मातीत मिठाचं प्रमाण इतकं होतं, की मुळांना पाणी ओढणं जड जावं. समुद्र तर बारा मैलांवर. मीठ येत होतं स्पातून. पाहुणे मूठभर मिठात आपलं दुःख फुंकत आणि ते मीठ झाडाखाली पुरत. या उपचाराला ‘मुळांकडे’ असं नाव होतं.

जोडियनने आकड्यांसकट व्यवस्थापकांना मेल लिहिली. उत्तर आलं: आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभार. सोबत दोघांसाठी एक दिवसाचं सवलतीचं कूपन.

त्या कूपनावरच दोघी आज आत आल्या होत्या.

सकाळी सगळ्यांना इस्टेट फिरवून दाखवली गेली. फिरवणारा तरुण राजधानीचा, किंग्स्टनचा होता आणि पाठ केलेलं बोलत होता. मजुरांच्या खोल्यांना तो ‘कारागिरांची निवासस्थानं’ म्हणाला. त्यांतल्या चौथ्या खोलीत आता वाफेचं स्नान होतं. आजीने दार ढकलून आत डोकावलं.

“इथं आम्ही नऊजण झोपायचो,” ती म्हणाली.

“वा! मग कसं वाटतंय, मॅडम?”

“तसंच. तेव्हाही घामच गाळायचो. फक्त त्याचं तिकीट नव्हतं.”

तरुण हसला आणि पुढच्या वाक्याकडे वळला.

जेवणात भाजलेला नीरफणस आला, तीन चकत्या, वर एक फूल. आजीने फूल बाजूला काढलं, चकत्या उलटून पाहिल्या आणि वेटरला सांगितलं, की हा चुलीवर भाजलेला नाही, आणि कोणी विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांग.

दुपारी ‘मुळांकडे’ सुरू झालं. सहा पाहुणे चटयांवर बसले. शर्नेट पांढरा पोशाख घालून आली आणि तिचा आवाज जोडियनला ओळखूच येईना, इतका तो मऊ झाला होता.

“डोळे मिटा. ओझं मिठात सोडा. पृथ्वी सगळं घेते.” मग आजीच्या कानाशी वाकून, आपल्या नेहमीच्या आवाजात: “मिस एल्वी, हात जोडते, तमाशा करू नका. माझी नोकरी आहे ही.”

“मी ओझं सोडतेय गं. तू तुझं काम कर, कोरलीनची पोरगी.”

प्रत्येकाला लाकडी मुठीचं छोटं खुरपं मिळालं. आजीने मिठाची वाटी जोडियनपुढे सरकवली आणि गुडघे टेकून थेट हिरव्या फुटव्याशी खणायला लागली. बाकीच्यांचं ओझं दोन इंचांत मावलं. आजीचं मावेना.

“इतकं खोल?” शेजारच्या बाईने हळूच विचारलं. ती अमेरिकेची होती आणि सहा-सात महिन्यांची गरोदर होती.

“वय झालं, बाई. साठलंय पुष्कळ.”

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. जोडियनने वाकून आजीला आडोसा केला. फुटव्याला मूळ झाडाच्या मुळाचा वीतभर तुकडा राहायला हवा, नाहीतर तो जगत नाही, हे तिला माहीत होतं आणि आजीलाही. खुरपं मुळावर कचकच वाजत होतं.

“डावीकडून काप,” जोडियन कुजबुजली.

“तुझ्या आईचा मीच काढला, तुझाही मीच काढला. डावीकडून म्हणे.”

मूळ तुटलं. आजीने फुटवा उचलून झग्यात घातला, पट्टा आवळला आणि उठली. नेमके त्याच वेळी मिस्टर ऑल्वूड पायवाटेवरून आले. ते इथले व्यवस्थापक. माणूस उंच, नीटनेटका, रोज याच वेळी पाहुण्यांची विचारपूस करणारा. त्यांनी आजीच्या मातीने माखलेल्या कोपरांकडे पाहिलं. मग तिच्या हनुवटीखालून डोकावणाऱ्या दोन पानांकडे.

“मॅडम,” ते फार सभ्यपणे म्हणाले, “आपल्या झग्यात आमचं झाड आहे का?”

“नाही. माझ्या झग्यात माझं झाड आहे.”

“झगाही आमचाच आहे.”

“मग तो घ्या परत,” म्हणत आजीने पट्ट्याला हात घातला.

“मिस एल्वी!” शर्नेट ओरडली. मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. “सर, बाळाची नाळ पुरायचीय हो त्यावर! हिच्या पणतवाची! हिची स्वतःची याच झाडाखाली आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे!”

सगळे डोळे उघडून बघायला लागले. पहारेकऱ्याने फुटवा काढून घेतला, की संपलं. पिवळा पडलेला फार तर आठवडाभर तग धरणार होता.

गरोदर बाईने दोन्ही हात पोटावर ठेवले. “बाळाची नाळ? झाडाखाली? किती सुंदर!” ती ऑल्वूडसाहेबांकडे वळली. “हे तुमच्या पत्रकात का नाही?”

ऑल्वूडसाहेबांचा चेहरा बदलताना जोडियनने पाहिला. आधी त्यावर नियम होता, मग लाज, मग हळूहळू पत्रक.

“मिस एल्वी,” ते म्हणाले, “हे तुम्ही आमच्या पाहुण्यांना सांगाल? इथे, झाडाखाली? महिन्यातून एकदा?”

“फुटवा नेऊ द्याल तर सांगेन.”

“अर्थात. तो तुमचाच आहे.”

“पण मीठ बंद.” आजीने मान हलवली. “नाळेपाशी मीठ गेलं, की पोराची तहान जन्मभर भागत नाही. पाण्याने नाही, दुधाने नाही. पुढं रमनेसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांदेखत माणसं गेलीत.”

गरोदर बाईने मिठाची वाटी पायाने लांब सारली.

“शर्नेट,” ऑल्वूडसाहेब म्हणाले, “मीठ उचल. सगळं. आजपासून बंद.”

“मी मेल केली होती,” जोडियनच्या तोंडून निघालं. “मिठाबद्दल. मोजमापांसकट.”

“तुम्हीच का त्या? आठवते ना. फार...” त्यांनी शब्द शोधला. “तांत्रिक होती.” मग त्यांनी झाडाकडे पाहिलं, बंगल्याकडे पाहिलं आणि त्यांना सुचलं. “साखर! मिठाऐवजी साखर. इस्टेटीचा वारसा! मिस एल्वी, साखरेची काही अडचण?”

आजीने झग्यातला फुटवा सावरला.

“साखरेपायी इथं पुष्कळ माणसं मातीत गेली,” ती म्हणाली. “आता साखर गेली तर माझी हरकत नाही.”

ऑल्वूडसाहेबांनी फोनवर टिपून घेतलं. ‘हरकत नाही’ एवढंच. साखरेने मुळांना काही होणार नव्हतं, फार तर मुंग्या येणार होत्या.

परतीच्या भाड्याच्या गाडीत पाच माणसांच्या जागेत सात बसले होते. फुटवा हॉटेलच्या ओल्या टॉवेलात, जोडियनच्या मांडीवर. टॉवेल ऑल्वूडसाहेबांनी भेट दिला होता.

“आजी, तहानेचं ते खरं आहे?”

“कुठलं?”

“नाळ, मीठ, जन्मभर तहान.”

आजी खिडकीबाहेर बघत होती. “आजपासून आहे.”

घरी जोडियनने मुळं तीनदा गोड्या पाण्यात धुतली. अंगणात पाणी साठणार नाही अशी जागा आजीने निवडली, आणि जोडियनने ती माती तपासूनच खड्डा घेतला. आजीने बाटलीतला कापूस सोडून नाळ तळाशी ठेवली, वर फुटवा. जेवॉन शेजारणीच्या कडेवर होता. त्याने हात लांबवून एक पान ओढलं आणि ते तुटलं. शेजारीण किंचाळली.

“ओढू दे,” आजी म्हणाली. “त्याचंच आहे.”

ऑक्टोबरच्या शेवटी जोडियनने फुटव्याला मोजपट्टी लावली. उंची त्रेचाळीस सेंटीमीटर. नवी पानं तीन. सर्वांत मोठं पान एकोणीस सेंटीमीटर. नव्या पानांवर करपलेल्या कडा शून्य.