बाबांना विचारून बसवलेली चाकं

माझ्या गाडीला नवी चाकं निवडायला चिरंजीव मला दुकानात घेऊन गेले, तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि हातात थंड पाण्याची बाटली दिली. माझं काम संपलं.

भिंतभर चाकं टांगलेली होती. जाळीची, काळी, आरशासारखी चकचकीत. चाकवाला एकेक चाक खाली उतरवून चिरंजीवांपुढे धरायचा आणि चिरंजीव मुलगी बघायला आल्यासारखे मान तिरकी करून न्याहाळायचे. मी दोनदा म्हणाले, "माझी आहेत तीच ठोकून सरळ करा, वर रंग द्या, झालं." चाकवाला हसला. "काकू, तुम्ही फक्त बघत राहा. तुमची गाडी तुम्हालाच ओळखू येणार नाही." ही धमकी होती, हे मला नंतर कळलं.

गाडी जुनी आहे. गोल दिव्यांची, चौकोनी टपाची. मी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजते, घरी शिवते, मग पडदे आणि ते टांगायच्या नळ्या गाडीत घालून नेते आणि स्वतः शिडीवर चढून लावते. लांब नळी डिकीतून आत घुसवली की तिचं टोक थेट पुढच्या काचेपर्यंत येतं. त्या गाडीतली जागा मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त पाठ आहे. आमचे हे गाडी चालवत नाहीत. एकदा शिकायला बसले, फाटकाला धडकले, खाली उतरले ते कायमचे. तेव्हापासून बाजूच्या सीटवर बसून "डावीकडून सायकल येतेय हं" असं सांगण्याचं काम ते मन लावून करतात. मलाही कधी त्याचं काही वाटलं नाही.

चिरंजीव म्हणाले, आई, तुझ्या वाढदिवसाची भेट. सगळी गाडी नवी करून देतो. प्रेमाने म्हणाले, हे मला मान्य आहे. म्हणून तर जास्त राग येतो. परक्याने केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

गाडी परत आली ती जमिनीला टेकूनच. चाकं एवढी रुंद की मडगार्डच्या कडा कापून त्यांना जागा केली होती. शेजारपाजारचे बघायला जमले. हे दारात उभे राहून, जणू स्वतःच्या हाताने घडवली आहे अशा थाटात, सगळ्यांना टायर दाखवत होते. मी डिकी उघडली. आत स्पीकरचं एक खोकं कायमचं ठोकून बसवलेलं, दोन उशा मावतील एवढी जागा उरलेली. मागची सीट नाहीच. पुढे खोलगट, शर्यतीच्या सीटा. त्यात बसल्यावर मला बॉनेट दिसेना.

दुसऱ्या दिवशी मला दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्यात पडदे लावायचे होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडणार होता, आणि माझ्या तीन पडदेवाल्या स्पर्धकांना मागे टाकून बाईंनी मला बोलावलं होतं. सकाळी मी गाडी बाहेर काढायला बसले. स्टिअरिंग ताटलीएवढं, आणि हलेचना. आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला मदतीला मोटर नाही, सगळं मनगटावर. पूर्वीचं स्टिअरिंग मोठं होतं, टायर अरुंद होते, म्हणून दोन बोटांनी नाही तरी दोन हातांनी वळायचं. आता मी दात-ओठ खाऊन ओढलं तेव्हा ते वीतभर फिरलं आणि माझ्या खांद्यातून कळ गेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

आवाज ऐकून दोघं बाहेर आले.

"आई, जोर लावायचा नाही एवढा, गाडी हळूहळू चालू ठेवून वळवायची," चिरंजीव म्हणाले.

"मला गाडी शिकवतोस?"

"तसं नाही गं. आणि तुला कशाला चालवायला हवी? कुठे जायचं ते सांग, मी सोडतो."

"रोज सोडशील? मी शिडीवरून उतरेपर्यंत खाली थांबशील?"

"आता रोज म्हणजे... ऑफिस असतं ना."

"मग हे सगळं कोणाला विचारून केलंस?"

"बाबांना," तो म्हणाला. अगदी सरळ, निरागस. "प्रत्येक गोष्ट बाबांना विचारली. सीटा, चाकं, मागची सीट काढायची की नाही. बाबा म्हणाले, काढ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"अहो, तुम्हाला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे तरी ठाऊक आहे का?"

"त्याने विचारलं, मी सांगितलं," हे म्हणाले. "घरात कोणीतरी हो-नाही म्हणायला नको का?"

पडद्याचं कापड कापण्याआधी मी खिडकी तीनदा मोजते. ह्या दोघांनी माझी गाडी कापली आणि मला एकदाही मोजलं नाही. मी त्यांना हे म्हणाले नाही. म्हणाले असते तर चिरंजीव म्हणाले असते, आई काय छान बोलते. मी दार आपटलं, दोन्ही पाय रोवून स्टिअरिंग ओढलं आणि निघाले. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि प्रत्येक वेळी मी ह्या दोघांचा उद्धार केला.

चाकवाल्याच्या दुकानात शिरले तर समोर भिंतीवर माझं जुनं स्टिअरिंग! शोभेला टांगलेलं, मध्ये घड्याळ बसवलेलं.

"ते खाली काढा," मी म्हणाले.

"काकू, ते तर दादांनी—"

"माझं आहे. काढा. आणि माझी जुनी चाकं आणा."

"ती भंगारात गेली."

"मग मागच्या ढिगातली द्या. अरुंद, लोखंडी, चार नटांची."

"काकू, शोभणार नाहीत हो! मडगार्ड कापलंय, चाक आतल्या आत हरवेल. थांबा, दादांना फोन लावतो."

त्याने फोन खिशातून काढला तसा मी तो त्याच्या हातातून घेतला आणि पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर उलटा ठेवला. "गाडी मी आणली आहे," मी म्हणाले, "मी इथे उभी आहे. माझ्याशी बोला."

तो बोलला. मग मीच ढिगातून चाकं निवडली. जमिनीवर गरागरा फिरवून बघितली, डोलणारी बाजूला टाकली. दोन राखाडी मिळाली, दोन पिवळी, कुठल्यातरी टॅक्सीची. खाली दबलेली गाडी पुन्हा उचलायला लावली, त्यासाठी लागणाऱ्या स्प्रिंगा त्याच्याकडेच पडून होत्या. स्पीकरचं खोकं उपटायला लावलं, घड्याळ काढून माझं स्टिअरिंग जागेवर बसवून घेतलं, आणि बॉनेट दिसावं म्हणून सीटवर जाड उशी टाकली. मडगार्डचं मात्र काही करता आलं नाही. कापलेलं ते कापलेलंच. त्या मोठ्या भोकांत ती बारकी चाकं म्हणजे आजोबांच्या ढगळ चड्डीतून निघालेले पाय. मी हसले नाही. स्टिअरिंग धरलं, फिरवलं. फिरलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी चाकवाल्याला दाखवलं नाही.

घरी आले तेव्हा दोघं फाटकाशीच होते. चिरंजीवांचा चेहरा बघवेना.

"आई, काय दशा केलीस गं! राखाडी आणि पिवळी? लोक हसतील."

"हसू देत. वाट दिली म्हणजे झालं."

मी शिवलेले पडदे आणून गाडीत घातले. नळ्या डिकीतून आत सरकवल्या, दोन सीटांच्या मधून, काचेपर्यंत. शिडी टपावर बांधली. मदतीला कोणी आलं नाही, मी हाकही मारली नाही. सगळं भरून मी आत बसले, गाडी सुरू केली, तसे हे सवयीने बाजूचं दार उघडून आत बसायला लागले.

"थांबा," मी म्हणाले. "आधी त्याला एक सांगा. ही गाडी कोणाची?"

अवघड प्रश्न नव्हता. ह्यांनी चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीवांनी ह्यांच्याकडे. एक शब्द होता, आणि तो मला दोघांपैकी कोणाच्याही तोंडून चालला असता. मी खरंच वाट पाहिली. इंजिन चालू होतं, दवाखान्यात बाई थांबल्या होत्या, तरी पाहिली.

"अगं, म्हणजे तसं बघितलं तर..." हे म्हणाले.

मी हात लांब करून त्यांच्या बाजूचं दार ओढून घेतलं आणि गाडी रस्त्यावर काढली. एका दमात वळली. कोपऱ्यावर आरशात बघितलं, तर दोघं तिथेच उभे होते आणि आता नक्की काय करायचं, ते एकमेकांना विचारत होते.