बाथरूमच्या दारातली सभा

वकीलसाहेबांनी शहरातला चांगला फ्लॅट विकला तो बायकोच्या हट्टापायी. तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे नर्स असलेल्या ताईने, शहराबाहेर एक जुनं दुमजली घर घेतलं होतं. तिथे सगळ्यांनी मिळून राहायचं, एका चुलीचं जेवायचं आणि कुठलाही निर्णय सर्वांच्या संमतीनेच घ्यायचा. "म्हातारपणी माणसं लागतात हो," बायको म्हणाली. साहेबांना माणसांचं वावडं नव्हतं. फक्त ती कोर्टात असावीत, घरात नसावीत, एवढंच.

इथे तर उठता-बसता माणसं. पेपर उघडला की भोंगा मागे उभा राहून तो मोठ्याने वाचायचा. भोंगा म्हणजे या घरातला चौथा भिडू, वरच्या मजल्यावरचा ट्रम्पेट शिकवणारा मास्तर. त्याचा आवाज त्याच्या वाद्याहून खणखणीत. निवांत बसावं अशी घरात एकच जागा उरली होती, आणि तिला आतून कडी होती.

एका सकाळी साहेब पेपर घेऊन बाथरूममध्ये शिरले. बादली पालथी घालून तिच्यावर बसले. अग्रलेखापासून शब्दकोड्यापर्यंत सगळा पेपर चवीने वाचला. मग कडी ओढली तर हलेना. जोर लावला, तर तिची मूठच हातात आली.

"अहो, झालं का?" बाहेरून बायको.

"कडी अडकलीय. दार तोडा!"

"दार सगळ्यांचं आहे," भोंगा गरजला. "सभा घ्यावी लागेल."

सभा तिथेच भरली. भोंग्याचं मत, दार सागवानी आहे, तोडू नये. ताई म्हणाली, "तोडा. मला ड्यूटीवर जायचंय, अंघोळ राहिलीय." बायको म्हणाली, "बसू द्या की त्यांना थोडं. घाई काय आहे? माझी सकाळ कधी नव्हे ती शांत गेलीय."

"हरकत!" साहेब आतून ओरडले. "आरोपीचं ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही!"

"मग सांगा," ताई म्हणाली, "इतका वेळ आत काय करत होतात?"

 जन्मभर दुसऱ्यांना उलटतपासणीत पकडलं, आज स्वतःच सापडले.

"लपलो होतो," ते म्हणाले. "तुम्हा सगळ्यांपासून."

बाहेरून मग भोंग्याचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू. "मी गाडीत जाऊन बसतो. काचा वर करून."

"मी घरी येताना मुद्दाम दोन स्टॉप पुढे उतरते," ताई म्हणाली.

"सगळे मलाच सोडून पळत होतात होय!" बायको भडकली, आणि तिलाच हसू फुटलं.

ताईने स्क्रूड्रायव्हर आणून बिजागऱ्या सोडवल्या. दार भोंग्याच्या अंगावर आलं. साहेब घामाघूम बाहेर पडले, पण त्यांची विचारपूस करायला कुणाला सवड? ताई टॉवेल घेऊन आत घुसलीसुद्धा. "भाऊजी, ही चादर धरा दारात. तोंड तिकडे!"

साहेब चादर ताणून उभे राहिले. भोंगा पुढे सरकला तसे कडाडले, "मागे हो! आत माणूस आहे!" असा आवाज कोर्टातही कधी लागला नव्हता.

दार बसवायला सुतार संध्याकाळी येणार होता; तोवर चादर हेच दार. साहेबांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून बायकोने चहाचा कप त्यांच्या ओठांना लावला. चारचौघांत! साहेब लाजले, भोंग्याकडे एक नजर टाकली आणि प्याले.