माझ्या खुंट्या त्याच्या अंगावर

मंगळवार, सकाळचे साडेनऊ. भंडारदऱ्याच्या जलाशयात, उंबरवाडीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर, रंगनाथची शिडाची होडी पाण्याखालच्या दगडी बांधाला लागली. होडीत रेशनच्या मिलोची, म्हणजे दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, पोती आणि चार माणसे होती. माणसे गुडघाभर पाण्यातून चालत काठाला गेली. एकही पोते भिजले नाही. मोडले ते फक्त सुकाणू.

मित्रांनो, ते सुकाणू मी. मी एक जुने, सागाचे सुकाणू आहे. आता अर्धेच उरले आहे. खालचा अर्धा भाग त्याच दिवशी लाटांवर तरंगत कुठेतरी गेला.

सुकाणू म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात मुद्दाम सांगावे लागते. लष्करी तळाशेजारच्या भिंगारच्या मुलांनी रणगाडा पाहिलेला असतो, पण सुकाणू नाही. होडीच्या मागच्या टोकाला पाण्यात उभी लटकणारी एक रुंद फळी, तिच्या डोक्यावर एक दांडा, एवढेच सुकाणू असते. फळीला दोन लोखंडी खुंट्या असतात. त्या होडीच्या कड्यांत बसतात आणि दार जसे फिरते, तसे सुकाणू फिरते. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. सुकाणू नसले तर होडी जाते, पण तिला हवे तिकडे नाही, वाऱ्याला हवे तिकडे.

माझा जन्म कोकणात एका खाडीकाठी झाला. धरणावरच्या एका साहेबाने हौसेसाठी होडी बांधून घेतली आणि तिच्यासोबत मी लॉरीत बसून कसारा घाट चढून आले. साहेब बदलून गेला. होडी बरीच वर्षे उलटी पडून होती. मग लिलावात ती कानिफनाथांनी घेतली. कानिफनाथ म्हणजे रंगनाथचे वडील, धरणाकाठच्या शेंडी गावाच्या बाजूचे भातशेती करणारे गृहस्थ. ते होडी चालवायला कोणाकडे शिकले नाहीत. चुकत चुकत माझ्याकडूनच शिकले, असे मी म्हणते. त्यांच्या तळव्याने माझा दांडा गुळगुळीत झाला. ते गेल्यावर त्याच जागी रंगनाथचा हात आला.

कामाच्या त्या वर्षांत मला कशाची कमी नव्हती. पण राग येत असे तो शिडाचा. होडीत बसलेला प्रत्येक जण मान वर करून शिडाकडे पाही. नव्या सुना, बाजारकरी, तपासणीला आलेले साहेब, सगळे म्हणत, काय सुंदर शीड आहे. वारा शिडाला, वाहवा शिडाला. मागे वाकून मला कोणी पाहिले नाही. पाहत ते एकच दिवस, खंडेनवमीला. साळूबाई, म्हणजे रंगनाथची आई, नांगर आणि कोयत्याशेजारी मला ठेवून हळदकुंकू वाहत. त्या एका दिवसावर मी वर्ष काढत असे.

बहात्तर साली आमच्याकडचा पाऊसही अर्ध्यावर परतला. खालच्या गावांना प्यायला म्हणून धरणातून पाणी सोडत राहिले आणि जलाशय आटत गेला. धरण होण्यापूर्वीच्या शेतांचे बांध वर आले. काही पाण्याखाली वीतभरच राहिले आणि तेच वाईट. होडीच्या तळापेक्षाही खोल लटकते ते सुकाणू. त्यामुळे पहिला धक्का मी घेतला.

उंबरवाडीला रस्ता नाही. रेशनचे धान्य ट्रकने शेंडीला येते आणि तिथून होडीने पलीकडे जाते. होडी बंद, तर उंबरवाडीच्या बायकांनी डोंगराच्या वाटेने पोती डोक्यावर न्यायची. म्हणून रंगनाथने वल्ही मारत होडी परत आणली आणि त्याच दुपारी सूर्यभान सुताराला बोलावले.

सूर्यभान बैलगाड्या करणारा. आसपास त्याच्या हातच्या चाकाला तोड नव्हती. पण त्या साली बैल दुष्काळी चारा छावणीत गेले, काही विकले गेले आणि गाडी कोणी करून घेईना. हाताला काम नसलेला हा माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या मोडक्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. मला वाटले, सांधेल. खालून नवी सागाची फळी जोडायची, पट्टी मारायची, झाले.

साळूबाईंनाही तेच वाटत होते. सूर्यभानने मान हलवली.

"मोडलेलं जू सांधून बैलाच्या मानंवर ठेवत न्हाईत, आये. ऐन चढाला दगा देतं. नवंच करावं लागंल."

"आरं, हे जू न्हाई आन होडी बैल न्हाई," साळूबाई म्हणाल्या. "तुला गाडीबिगर दुसरं दिसतं का कायी?"

"लाकूड पान्यात गेलं म्हून त्याची जात बदलत न्हाई."

रंगनाथ दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग तो म्हणाला, नवंच करा. मोडके जू न वापरण्याची चाल त्याच्याही घरात पिढ्यानपिढ्या पाळलेली होती. ती मोडायचे धाडस त्याला झाले नाही.

त्यानंतर मला पडवीत भिंतीला टेकवले आणि माझ्या डोळ्यांसमोर, त्याच अंगणात, त्याला, त्या नव्या सुकाणूला घडवले. सूर्यभानने बाभूळ निवडली, कारण गाडीला बाभूळच लागते. मी सागाचे. पाण्यात होडीला माझे ओझे होत नसे. बाभूळ पाण्यात दगडासारखी. माझा खालचा आकार सूर्यभानला माहीत नव्हता, म्हणून त्याने हाताला सवयीचा आकार दिला. चाक अर्धे कापावे तसे ते दिसू लागले. मग त्याने स्वतःच्या उभ्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव काढून आणली, गोवऱ्यांच्या आगीत लाल केली, नव्या सुकाणूच्या कडेवर ठोकून वाकवली आणि वर पाणी ओतले. लाकडाचा धूर झाला, लोखंड चरचरले. ते पाहायला अंगणात निम्मे गाव जमले होते. मला पाहायला इतकी माणसे कधी आली नव्हती.

खुंट्यांचा प्रश्न आला. लोहार खडी फोडायच्या कामावर गेलेला. नव्या खुंट्या करायला कोणी नाही. सूर्यभानने पक्कड घेतली आणि माझ्या अंगातून माझ्या दोन्ही खुंट्या उपटून काढल्या. त्याच्या अंगावर त्या ठोकल्या. दांडा मात्र त्याने नवा करून आणला होता. रंगनाथने तो हातात धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाला, दांडा जुनाच लावा, हात बसलाय त्याच्यावर.

मित्रांनो, यावर कोणीही समाधान मानले असते. मी नाही मानले. दांडा गेला तेव्हा तो हातही त्याच्याकडे गेला, एवढेच मला कळले.

पाडव्याच्या दिवशी त्याला पाण्यात उतरवले. नारळ फोडला. कडुनिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी त्याच्या गळ्यात. गाठी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. त्याच दिवशी रंगनाथच्या बायकोने, छबूबाईने, मला उचलले आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावले. जुने दार मांजराने पाडले होते. तिने मला नेमके बसवले, हे मान्य केले पाहिजे. तिथून मला जलाशय दिसतो.

पहिल्याच फेरीत सगळ्यांना कळले की ते जड आहे. रंगनाथला दोन्ही हात लावून दांडा ढकलावा लागला, म्हणजे शिडाची दोरी धरायला हात उरला नाही. माझ्या वेळी तो एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने शीड सांभाळत असे. मला वाटले, आता त्याला उतरवतील. पण दुसऱ्या दिवशी छबूबाई पदर खोचून होडीत बसली आणि दोरी तिने घेतली. साळूबाई म्हणाल्या की बाईच्या हातात शिडाची दोरी त्यांनी कधी पाहिली नाही.

"बैलाचा कासरा धरतेच की, आत्याबाई," छबूबाई म्हणाली. "ह्यो बैल जरा उधळ्या, येवढंच."

चार फेऱ्यांत ती तरबेज झाली. माझ्या काळात जे दोघे घरी भेटत, ते आता दिवसभर होडीत सोबत असत. परत येताना त्यांचे हसणे काठापर्यंत ऐकू येई. हेही त्याच्यामुळेच.

मग तो दिवस आला. तीच वाट, तोच बांध. रंगनाथचा अंदाज चुकला आणि होडी पुन्हा लागली. घण मारावा तसा आवाज झाला. मोडले काही नाही. लोखंडाच्या धावेवर नुसता एक ओरखडा. होडी परत आली तेव्हा सूर्यभान काठावरच होता. तो एवढेच म्हणाला, "म्हनलं हुतं न्हवं?" आणि रंगनाथने त्या लोखंडावरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. इतकी वर्षे मी त्याची होडी वळवली, माझ्या पाठीवरून त्याने असा हात फिरवल्याचे मला आठवत नाही.

रोज संध्याकाळी सुकाणू काढून पडवीत आणून ठेवायचे, ही कानिफनाथांनी घातलेली रीत. आता त्याला दोघे मिळून आणतात आणि माझ्या समोरच उभे करतात. त्या संध्याकाळी मी त्याला नीट पाहिले. त्याला नाही, माझ्या खुंट्यांना. वरच्या खुंटीच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. आधी ती नव्हती. बांधाचा धक्का धावेने सोसला, बाभळीने सोसला आणि सरळ खुंटीत उतरवला. मी मोडले होते, म्हणून त्या वेळी खुंट्या वाचल्या होत्या.

मला बरे वाटले. खरे ते सांगते. आता हे उतरणार, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी ती खुंटी कुरकुरू लागली. साळूबाईंनी काठावरूनच ओळखले. म्हणाल्या की आवाज नेहमीचा नाही, आधी अशी वाजत नव्हती. सूर्यभान आला. त्याने कान देऊन ऐकले आणि तो हसला. गाडीचा आस कुरकुरला की काय करायचे, हे त्याला झोपेतही ठाऊक होते. त्याने बुधल्यातले काळे वंगण बोटांवर घेतले आणि दोन्ही खुंट्यांना थापले, जाडजूड, मुळापर्यंत. कुरकुर थांबली. सगळ्यांचे समाधान झाले. चीर वंगणाखाली गेली.

त्या रात्रीपासून मला बरे वाटेनासे झाले. त्याचा मत्सर कमी झाला, असे समजू नका. तो आहे तेवढाच आहे. पण त्याचा दांडा धरणारा हात कोणाचा, हे मला विसरता येत नाही.

आज शेंडीला ट्रक आला. उंबरवाडीत धान्य संपल्याचा निरोप कालच आला होता. रंगनाथ आणि छबूबाईने पोती चढवली. अकराच्या सुमारास होडी सुटली. रतनगडाकडून वारा चांगला होता. साळूबाई खुराड्याजवळ मिलो निवडत बसल्या होत्या.

होडी मध्यावर पोहोचली असेल तेव्हा शीड एकदम एका बाजूला गेले, फडफडले आणि पुन्हा उभे राहिले. साळूबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. त्यांनी सूर्यभानला हाक मारून बोलावले. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि म्हणाला, वारा पडला असेल, जरा थांबलेत. पण अंगणातल्या लिंबाचा पाला सळसळत होता.

साळूबाईंनी मला खुराड्यापासून ओढून काढले. कोंबड्या अंगणभर झाल्या. जिथून माझ्या खुंट्या उपटल्या होत्या, त्या भोकांत त्यांनी बोट घातले आणि मला सूर्यभानसमोर धरले.

"खुंट्या किती जुन्या हुत्या, बघितलं हुतंस का?"

सूर्यभान म्हणाला, वंगण दिलं हुतं की.

"गाडी मोडली तर बैल जाग्याला थांबत्यात, सूर्यभाना. पानी थांबत न्हाई."

सूर्यभानने मला त्यांच्या हातातून घेतले आणि भोके निरखून पाहिली. मग खांद्यावरचा टॉवेल टाकून तो काठाकडे निघाला. मासे धरणाऱ्यांची एक जुनी डोणी तिथे पालथी होती. ती सुलटी करायला आता त्याच्यासोबत तिघे लागले आहेत. मला त्याने बगलेतच धरून नेले आहे. का, ते त्यालाही सांगता येईल असे वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी वस्तू येईल तेव्हा तिचे कौतुक जरूर करा, तिला हळदकुंकू वाहा. पण जुन्याचे काही काढून तिला लावले असेल, तर ते आधी कोरडे पुसून, उजेडात धरून पाहा. आणि एखादी वस्तू कुरकुरली, तर तिला गप्प करण्याआधी ती का कुरकुरते ते विचारा.

दुपारचे दोन वाजले आहेत. डोणी पाण्याला लागली आहे, मी तिच्या तळाशी आहे. समोर शीड दिसते आहे. ते ना उंबरवाडीकडे सरकते आहे, ना आमच्याकडे, वारा नेईल तिकडे चालले आहे. होडीत दोघे उभे आहेत की एकच, ते इतक्या लांबून ओळखता येत नाही.